जाड्याच्या घराखालची पांढरी रेघ

बाबांना माझ्याकडे बघायचं असलं की ते माझ्या कानाकडे बघतात. नवीन माणूस गडबडतो, आपल्या मागे कोण उभं आहे म्हणून वळून बघतो. मागे कुणी नसतं. वयानं त्यांच्या दोन्ही डोळ्यांच्या पडद्यांचा मधला भाग खराब झालाय. सरळ बघितलं की नेमकं समोरचंच गायब. कडेचं तेवढं दिसतं, तेही धूसर. म्हणून जे बघायचं त्याच्या जरा बाजूला बघायचं, ही युक्ती त्यांनी स्वतःच शोधून काढली. माझा चेहरा हवा असेल तर कान, ताटातली भाजी हवी असेल तर पाण्याचा पेला. एक्याऐंशीव्या वर्षी माणूस नव्यानं बघायला शिकला, आणि तक्रार म्हणाल तर एवढीच, की पोह्यांवर जीरावन मसाला किती पडला ते कळत नाही.

मी त्यांची मुलगी. वय छप्पन्न, बँकेतून गेल्या वर्षी सुटले, राहणार राजेंद्र नगर, स्वभाव तिखट. हे शेवटचं मी नाही म्हणत, बाबा म्हणतात. घरात आम्ही दोघंच. आई जाऊन सहा वर्षं झाली. आणखी एक आधीच सांगून टाकते, कारण पुढे तेच नडलं. मला घाण सहन होत नाही. तशी ती कुठल्याच इंदुरी माणसाला होत नाही. आमच्याकडे सकाळी कचरागाडीच्या गाण्यानं लोक जागे होतात, कारमध्ये डस्टबिन लटकवून फिरतात, आणि केळं खाल्लं की साल हातात धरून कचरापेटीसाठी अख्खा बाजार पालथा घालतात. पण माझं त्याच्याही वरचं. मला पाहुण्यांच्या घरीसुद्धा पंख्यावरची धूळ दिसते आणि मग गप्पांत लक्ष लागत नाही. आईचा झाडू तुझ्या अंगात शिरलाय, असं बाबा म्हणतात. खरं आहे ते.

आता जाड्या. जाड्या म्हणजे पक्षी. साधा खंड्या सगळ्यांनी बघितलेला असतो, विजेच्या तारेवर बसलेला, पांढऱ्या छातीचा. आमचे हिंदीवाले शेजारी त्याला किलकिला म्हणतात. जाड्या त्याचाच मोठा भाऊबंद, पण असा तारेवर, तलावाच्या पाळीवर सहज भेटणारा नाही. त्याला डोंगरातलं जंगल लागतं, झाडांनी झाकलेला ओढा लागतो, आणि एकांत लागतो. पुस्तकात त्याला घोंगी खंड्या म्हणतात. आमच्या घरात मात्र जाड्याच, कारण ती चोच. लालभडक, आणि इतकी जाड की बनवणाऱ्याचं माप चुकलं असं वाटावं. डोकं तपकिरी, गळा नि पोट हळदीच्या दुधाच्या रंगाचं, पंख निळे-हिरवे, आणि उडाला की पाठीवरचा फिका निळा असा काही चमकतो की अहाहा. एवढा मोठा, एवढा रंगीत पक्षी. पण पानांत बसला की समोर असून सापडत नाही. आधी ऐकू येतो, मग बाबा बोट दाखवतात, मग मला अजिबात दिसत नाही, मग बाबा चिडतात. माझं सगळं बालपण असं गेलं.

बाबा शाळेत विज्ञान शिकवायचे. आम्ही तेव्हा स्नेहलतागंजला राहायचो. दर रविवारी पहाटे बाबा स्कूटर काढायचे आणि खंडवा रोडनं सिमरोलच्या पुढे, घाटातल्या जंगलात जायचे. कधी मला मागे बसवून, बरेचदा एकटेच. तिथे एका ओढ्याकाठी त्यांनी जाड्याची जोडी बघितली आणि त्यांचा जीव तिथेच अडकला. ओढ्याचं नाव लिहिणार नाही. घरट्याचा पत्ता कुणाला द्यायचा नाही, ही त्यांची सक्त ताकीद आहे आणि ती मी मोडणार नाही. बाकीच्या ताकिदींचं काय केलं ते पुढे येईलच.

हा पक्षी झाडावर घरटं बांधत नाही. ओढ्याकाठच्या मातीच्या उभ्या दरडीत बीळ खणतो. नर-मादी दोघं मिळून, चोचीनं माती उकरायची, पायांनी मागे ढकलायची. हातभर लांब बोगदा आणि त्याच्या टोकाला एक छोटी खोली. आत गवताची काडी नाही, पीस नाही; नुसत्या मातीवर पांढरीशुभ्र, गोलसर अंडी. अंधारात लपवायचं कुणापासून, म्हणून ठिपक्याबिपक्यांचे लाड नाहीत, असं बाबा वर्गात सांगायचे. इथपर्यंत ठीक. पण पिल्लं झाल्यावर त्या घराचं जे होतं ते माझ्यासारखीनं न ऐकलेलंच बरं. कितीतरी पक्षी पिल्लांची घाण चोचीत उचलून लांब नेऊन टाकतात. हे दोघं काहीही उचलत नाहीत. माशांचे काटे, खेकड्यांची कवचं, बेडकांची हाडं, सगळं आत साचत जातं. पिल्लं बिळाच्या तोंडाकडे पाठ करतात आणि बाहेर पिचकारी मारतात. मग बिळाखाली दरडीवर चुन्यासारखी पांढरी रेघ ओघळते आणि सडक्या माशांचा वास सुटतो. इतका देखणा पक्षी आणि घराची ही तऱ्हा! मी लहानपणी बाबांना विचारलं होतं, त्याची आई त्याला रागवत नाही का? त्याची आईच तशी असते, म्हणाले.

बाबांची सगळी पद्धत त्या पांढऱ्या रेघेवर उभी होती. ते कधी बिळाजवळ गेले नाहीत, कधी आत टॉर्च मारला नाही. पंचवीस पावलांवर एक आंब्याचं झाड आहे, त्याच्या बुंध्याला टेकून दुर्बिणीतून रेघ वाचायची. रेघ ओली, रुंद, वाढती असेल तर पिल्लं जोरात आहेत. सुकून तडकली असेल तर काहीतरी बिनसलंय. रेघच नसेल तर घर रिकामं. पिल्लं उडून गेली की मगच जवळ जायचं आणि खाली पडलेल्या गोळ्या वेचायच्या. हे पक्षी न पचलेलं गोळी करून ओकतात. त्या गोळ्या बाबा काड्यापेट्यांत भरायचे आणि हिवाळ्यात उन्हात बसून, सुईनं सोडवून, कोणी काय खाल्लं ते मला दाखवायचे. हे खेकड्याच्या नांगीचं टोक, हे माशाचे खवले, हा सरड्याचा जबडा. एका दिवाळीच्या साफसफाईत आईनं त्या सगळ्या काड्यापेट्या फेकून दिल्या. बाबा दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी आईनं बाजारातून डझनभर नव्या काड्यापेट्या आणल्या, त्यातल्या काड्या एका पेल्यात ओतून ठेवल्या आणि रिकाम्या पेट्या बाबांच्या टेबलावर रचल्या. माफी वगैरे काही नाही. वर्षभर आम्ही त्या पेल्यातल्या काड्या घासून गॅस पेटवत होतो.

एवढ्या वर्षांत बाबांना एकच गोष्ट बघायला मिळाली नाही. पिल्लू बिळातून पहिल्यांदा बाहेर पडतं ती वेळ. ती एकाच सकाळची गोष्ट असते, आणि पिल्लाला काही रविवारची सुट्टी नसते. दर वर्षी बाबा जायचे तर एक तर पिल्लं आत, नाही तर घर रिकामं. रिटायर झाल्यावर वेळ मिळाला, तर आईचं आजारपण सुरू झालं. मग डोळे.

या वर्षी मार्चमध्ये डॉक्टरांनी तपासलं आणि माझ्याकडे बघून बोलले, बाबांकडे नाही, तेव्हाच मला कळलं. इंजेक्शनं देत राहू, म्हणाले, पण पुढच्या वर्षी आत्ताएवढं दिसेल असं मी सांगू शकत नाही. घरी येताना बड्या गणपतीच्या चौकात सिग्नलला थांबलो होतो, तेव्हा बाबा माझ्या कानाकडे बघून म्हणाले, "एकदा ते पिल्लू बाहेर पडताना बघायचंय गं. या वर्षी. बस. मग डोळ्यांचं काय व्हायचं ते होऊ दे."

मी म्हटलं, बघू या की! त्यात काय!

ओढ्याजवळ एक बाई राहते. दोन म्हशी, चार आंबे, एक झोपडी. माझ्याहून लहान आहे, पण आम्ही तिला काकी म्हणतो आणि ती बाबांना मास्साब म्हणते. तिचा एप्रिलच्या शेवटी फोन आला, की जोडी आलीय, दरडीत येणं-जाणं चालू आहे. आम्ही निघालो. स्कूटरच्या जागी माझी कार, आणि मागे बसायची ती मी आता स्टिअरिंगवर. त्या दिवसापासून आठवड्यातून दोनदा जायचं असं ठरलं. आंब्याखाली बाबांना खुर्ची टाकून द्यायची, दुर्बीण मी घ्यायची, आणि बघून बघून सांगायचं. बाबा प्रश्न विचारणार, मी उत्तर देणार, उत्तर चुकलं की ते मास्तर होणार. "मोठा दिसतोय" म्हणजे काय? कशापेक्षा मोठा? नीट सांग! या वयात मला पुन्हा विज्ञानात काठावर पास व्हायची पाळी आली. पण मजा यायची. मे उजाडला आणि एक दिवस दरडीवर बोटभर पांढरी रेघ दिसली. बाबांनी खुर्चीच्या हातावर थाप मारली. पुढच्या खेपेला रेघ वीतभर. मग हातभर.

पण मी बाबांकडेही बघत होते ना. ते मान अशी वळवायचे, तशी वळवायचे, आभाळाकडे बघायचे, जमिनीकडे बघायचे. पंचवीस पावलांवरून त्यांना ती दरड म्हणजे नुसता तपकिरी पट्टा दिसत असणार. मीच मनाशी ठरवलं की यांना जवळ बसवायचं. दरडीच्या पायथ्याशी, बिळापासून चार पावलांवर एक सपाट खडक आहे. तिथे बसवलं तर पिल्लू त्यांच्या नाकासमोरून जाईल. अडचण एकच, तो खडक बघवत नव्हता. वरच्या फांदीवर दोघं बसायचे आणि सगळा प्रसाद खाली पडायचा. गोळ्या, खवले, पांढरे शिंतोडे, माश्या, वास. तिथे मी माझ्या वडिलांना बसवणार? शक्यच नाही.

त्या रविवारी उन्हानं बाबा दमले होते. काकीनं त्यांना आपल्या खाटेवर बसवलं, ताक दिलं. मी म्हटलं, तुम्ही आराम करा, मी जरा पुढे होते. डिकीतून झाडू काढला, नारळाचा काथ्या काढला, पाण्याच्या चार बाटल्या काढल्या. होय, माझ्या डिकीत झाडू असतो. हसा.

आधी खडक झाडला. मग घासला. मग पाणी ओतलं. एकदा हात लागला की मला थांबता येत नाही. खडक लख्ख झाला तसा वरचा दरडीचा भाग आणखीच घाण दिसायला लागला. काठीनं खरवडला, काथ्यानं पुसला, उरलेलं पाणी मारलं. बीळ माझ्या डोक्याच्या जरा वर होतं, तिथपर्यंत हात पोचला. गोळ्या-खवले सगळं पिशवीत भरलं. तासभर तरी मी तिथे असेन. वरच्या अंगाला झाडांत ते दोघं सारखे कक-कक-कक करत होते. मला वाटलं, कौतुक करतायत. पलीकडून म्हशी घेऊन जाताना काकीनं मला पाहिलं आणि पदर तोंडाला लावून हसली. "दीदी, जंगल में भी झाड़ू! तुम इंदौर वाले भी ना!" मी पण हसले. तासाभरानं मागे सरकून बघितलं, तर स्वयंपाकघरातल्या ओट्यावर बसावं तसं कुठेही बसता येईल असं झालं होतं. उन्हानं सगळं पाच मिनिटांत वाळलं.

बाबांना हाताला धरून आणलं. आधी ते नाहीच म्हणत होते, इतकं जवळ नको, त्यांना त्रास होतो. मी म्हटलं दहाच मिनिटं, आणि ते आले. बघायचा मोह त्यांनाही होताच. खडकावर बसले. दरडीकडे तोंड करून, मान थोडी वळवून म्हणाले, "सांग. रेघ कशी आहे आज?"

मी वर बघितलं. बिळापर्यंत दरड कोरी होती.

"काय झालं? सांग ना."

"नाहीये," मी म्हटलं.

"म्हणजे सुकलीय?"

"नाही. रेघच नाहीये, बाबा."

बाबांनी खडकावरून हात फिरवला, लांबपर्यंत. एक गोळी नाही, एक खवला नाही. मग नाक वर करून वास घेतला. वासही नाही. कक-कक थांबलं होतं, ते दोघंही कुठे दिसत नव्हते. बाबा अगदी साध्या आवाजात म्हणाले, "घोरपड गेली असेल आत. नाही तर धामण. होतं असं."

त्या क्षणी बोलायला हवं होतं. तोंड उघडलं होतं मी, देवाशपथ. पण मनात आलं की आपण तासभर इथे उभे होतो, ते दोघं ओरडून ओरडून निघून गेले, म्हणजे पिल्लं आता खरंच मरणार, म्हणजे जे बाबा समजले तेच शेवटी खरं होणार. मग सांगून काय उपयोग, असा भित्रा विचार केला आणि गप्प बसले. एरवी माझी जीभ कधी थांबत नाही. त्या दिवशी थांबली.

परत येताना सिमरोलला आम्ही नेहमी पोहे-जिलेबी खातो. बाबा म्हणाले, नको आज. मी बाबांना आजवर दोनदाच पोहे नको म्हणताना ऐकलंय, आणि पहिल्यांदा आई दवाखान्यात होती. घरी आल्यावर त्यांनी दुर्बीण मागून घेतली, रुमालानं काचा पुसल्या, पेटीत घातली आणि पेटी माझ्या हातात दिली. "शाळेत देऊन टाक कुठल्यातरी. पडून राहण्यात काही अर्थ नाही." मी ती कपाटात वर ठेवली आणि न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडले. माझ्याच हातानं मी त्यांची या वर्षीची आशा घासून-पुसून टाकली होती. पुढचं वर्ष त्यांच्याकडे नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीचं गाणं वाजलं. मी दोन्ही डबे घेऊन फाटकाशी गेले, हिरवा ओल्याचा, निळा सुक्याचा. निळा रिकामा झाला. हिरवा उचलला, झाकण उघडलं, तर वरच कालची पिशवी. खेकड्यांची कवचं, गोळ्या. हात तिथेच थांबला. गाडीवाला म्हणाला, "दीदी, डालो ना." मी म्हटलं, "भिया, एक मिनट." एक मिनिट झालं, दोन झाली, मागच्या गल्लीतून कुणीतरी ओरडलं. शेवटी मी म्हटलं, जाओ भिया, आज नहीं है. माझ्या घरून ओला कचरा नाही, हे ऐकून तो माझ्याकडे बघतच राहिला.

बाबा व्हरांड्यात चहा घेत बसले होते. मी पिशवीतली एक गोळी काढून त्यांच्या तळहातावर ठेवली. बोलायचं धैर्य नव्हतं, म्हणून हे. बाबांनी ती अंगठ्यानं चाचपली. दुसऱ्या हाताच्या बोटानं कुस्करली.

"खेकडा," ते म्हणाले. "आणि हे छोटे खवले, मासा आहे." मग बोटं थांबली. "ही ताजी आहे गं. आत अजून ओलसर आहे. कुठून आली?"

मी सांगितलं. खडक, काथ्या, काठी, चार बाटल्या पाणी, तासभर. दरडीवरची रेघ मीच पुसली, हेही. सगळं एका दमात, आणि मान खाली.

बाबांनी गोळी बाजूला ठेवली आणि कप उचलला. मला वाटलं आता दोन दिवस अबोला. मग त्यांनी विचारलं, "हे टाकलं होतंस कशात? ओल्यात की सुक्यात?"

"ओल्यात," मी म्हटलं.

बाबा हसायला लागले. आधी खांदे हलले, मग कप हलला, मग चहा लुंगीवर सांडला. हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं. मला कळेना हसू की रडू. "तुझी आई असती ना," ते म्हणाले, "तिनं त्या दरडीला रंगसुद्धा दिला असता." मग एकदम हसू थांबलं. "गाढव आहेस. शुद्ध गाढव. आणि मला कशाला जवळ नेत होतीस तू? विचारायचं तरी! कडेचा डोळा बारकावे बघत नाही, पण हालचालीला पक्का असतो. काही हललं की मला आंब्याखालूनही कळतं. गाडीची किल्ली घे. दुर्बीण घे. दिली तर नाहीस ना कुणाला?"

सोमवारचा रस्ता मोकळा होता. घाटात बाबा म्हणाले, की तासभर उपाशी राहून पिल्लं मरत नाहीत, पण आई-बाप परत आले असले पाहिजेत.

आंब्याखाली बसलो. बीळ तसंच काळं, दरड तशीच कोरी. माझी ती कोरी दरड बघवेना. अर्धा तास गेला. काहीच नाही. आणखी थोडा वेळ गेला. मी मनात म्हणत होते, ये रे बाबा, ये, आयुष्यात परत झाडू हातात धरणार नाही. शेवटी वरच्या अंगानं कक-कक झालं आणि निळं काहीतरी सुळकन येऊन फांदीवर बसलं. बाबांची मान वळली. त्यांना ते माझ्याआधी कळलं होतं.

"चोचीत काही आहे?"

"मासा आहे. छोटा."

"डोकं कुठे आहे माशाचं?"

"काय?"

"अगं, स्वतः गिळायचा असेल तर डोकं घशाकडे असतं. दुसऱ्याला भरवायचा असेल तर डोकं चोचीबाहेर धरतात, म्हणजे पिल्लाच्या घशात सरळ जातं. नीट बघ. घाई करू नको."

काही केल्या मासा स्थिर दिसेना. कोपर गुडघ्यावर टेकवलं, श्वास धरला. शेपटी... शेपटी घशाकडे होती. "बाहेर," मी म्हटलं. "डोकं बाहेर आहे, बाबा! डोकं बाहेर!"

"हळू बोल," बाबा म्हणाले. "मग आहेत."

तो बिळात शिरला, बाहेर आला, तेव्हा चोच रिकामी होती. थोड्या वेळानं बिळाच्या तोंडातून एक पांढरी पिचकारी आली आणि माझ्या स्वच्छ दरडीवर ओघळली. आयुष्यात कुठल्याही घाणीनं मला एवढा आनंद दिला नव्हता. मी बाबांना मिठी मारली. ते म्हणाले, अगं, दुर्बीण पडेल.

त्यानंतर आम्ही रोज गेलो. सकाळी सहाला आंब्याखाली, ऊन तापलं की परत, येताना पोहे. रेघ पुन्हा वीतभर झाली, हातभर झाली. बिळाच्या तोंडाशी अधूनमधून एक आखूड, काळपट चोच दिसायला लागली. बाबा म्हणाले, पिल्लाची चोच आधी अशीच मळकी असते, लाल नंतर होते. नवव्या दिवशी सकाळी आई-बाप आत जाईनात. समोरच्या फांदीवर मासा धरून बसायचे, हाका मारायचे आणि आत न्यायचे नाहीत. "आज," बाबा म्हणाले. "बाहेर बोलावतायत."

दोन तास झाले. बाबांचा घसा सुकला असेल म्हणून मी त्यांच्यासमोर उकिडवी बसून थर्मासमधून चहा ओतत होते. दरड माझ्या मागे, उजव्या खांद्याच्या पलीकडे. कप पुढे केला, तर बाबा कप घेईनात. मी वर बघितलं.

बाबा सरळ माझ्याकडे बघत होते. कानाकडे नाही. माझ्या चेहऱ्याकडे, थेट डोळ्यांत. किती तरी महिन्यांत त्यांनी असं बघितलं नव्हतं. मला वाटलं त्यांचं लक्ष भरकटलं, मी म्हणणारच होते, बाबा, तिकडे बघा ना. आणि मग समजलं. त्यांनी मला मुद्दाम मधोमध धरलं होतं, जिथे त्यांना काहीच दिसत नाही तिथे. मी त्यांना दिसतच नव्हते. कडेला, माझ्या खांद्यामागे, त्यांना बीळ दिसत होतं.

"आलं," बाबा कुजबुजले. "तोंडाशी आलंय. हलू नको."

मी हलले नाही. वळले असते तर मलाही दिसलं असतं.

"पंख झटकतंय. थांबलंय. घाबरलंय गं, वाटतं... थांब... निघालं! निघालं! निळं, बघ, केवढं निळं!" त्यांचे डोळे माझ्या डोळ्यांवर तसेच रोखलेले होते, भरून आले होते, आणि ओठ लहान मुलासारखे उघडे होते. इतकी वर्षं मी त्यांचे डोळे बघत आले, पण असे कधी बघितले नव्हते. फांदीवर दोघांचा एकच गलका उठला. त्यात एक तिसरा आवाज होता, बारीक, नवा.

मग बाबांनी मान जराशी वळवली, नजर माझ्या कानाकडे आणली, आणि मी त्यांना पुन्हा दिसायला लागले. गालांवरून पाणी वाहत होतं, ते त्यांनी पुसलं नाही.

"तुला दिसलं ना?" त्यांनी विचारलं. "नीट दिसलं ना?"

"दिसलं," मी म्हटलं. "सगळं दिसलं." आणि कप त्यांच्या हातात दिला.